समोरची शाळा

माझी मुलगी जर्मनीत राहते. तिचा मुलगा चौथी संपवत होता तेव्हा मी दोन महिने तिच्याकडे होते. तिकडे चौथीनंतर मुलांची वाटणी होते. वर्गशिक्षिका प्रत्येक मुलासाठी एक शिफारसपत्र लिहिते. कोणी विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, कोणी मधल्या शाळेत, कोणी हाताचं काम शिकवणाऱ्या शाळेत. मूल असतं दहा वर्षांचं. माझ्या नातवाला तेव्हा बुटाची नाडी धड बांधता येत नव्हती, आणि त्याने पुढे कोण व्हावं याची चर्चा मुलगी आणि जावई रोज जेवताना करत होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापक म्हणून. शाळेच्या बाबतीत गप्प बसणं मला जमत नाही. मुलगी वर्गशिक्षिकेला भेटायला निघाली तशी मीही साडी नेसून निघाले. बाई पन्नाशीच्या, केस कापलेल्या, टेबलावर वह्यांचा ढीग. तो ढीग बघून मला जरा आपलेपणा वाटला, तरी मी मुलीला म्हटलंच, "यांना विचार, दहा वर्षांच्या लेकराचं ठरवणाऱ्या तुम्ही कोण?" मुलीने ते किती गोड करून सांगितलं देव जाणे, पण बाईंना राग आला नाही. त्यांनी उलट विचारलं, "तुमच्याकडे कोण ठरवतं?"

मी ताठ मानेने सांगणार होते की आमच्याकडे कोणी ठरवत नाही, गावातली सगळी लेकरं पुढे पुढे जात राहतात.  तेवढ्यात मला माझ्या शाळेचं आवार आठवलं. मग मी खुर्ची पुढे ओढली, आणि मुलीला म्हटलं की आता जसंच्या तसं सांगायचं, मधे साखर घालायची नाही.

आवार अकोला जिल्ह्यात हिवरखेडच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातलं. एका आवारात समोरासमोर दोन शाळा, दोन्ही जिल्हा परिषदेच्याच. एक माझी, मराठी, सातवीपर्यंत. समोरची उर्दू, पाचवीपर्यंत. मध्ये एक हापशी, दोघींची मिळून. खिचडी शिजवायची खोलीही एकच. खिचडी शिजली की दोन्हीकडची पोरं एकाच रांगेत ताटल्या वाजवत उभी राहायची, आणि जेवण झालं की आपापल्या दारात शिरायची. समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळं गाव आपा म्हणे. वयाने त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण चष्म्यावरून बघायच्या तेव्हा मलासुद्धा आपला गृहपाठ राहून गेल्यासारखं वाटे.

आमची उसनवारी खडूपासून सुरू झाली. मग सतरंज्या, मग घड्याळ, मग माझा गणिताचा शिक्षक रजेवर गेला की आपांचा. आणि मग, आता लपवण्यात अर्थ नाही, आम्ही पोरंही उसनी द्यायला लागलो. कापूस वेचणीच्या दिवसांत माझे वर्ग ओस पडत, कारण अर्धी लेकरं आईबापांसोबत शेतात. आपांच्याकडची बहुतेक घरं गाद्या भरणाऱ्यांची, शिंप्यांची, बाजारात दुकान लावणाऱ्यांची. त्यांची पोरं तेव्हा हजर असत. नेमका त्याच दिवसांत कोणी साहेब तपासणीला आला की आपा सात-आठ पोरं माझ्या वर्गात बसायला पाठवत. ईदच्या आगेमागे त्यांचे वर्ग रिकामे असले की माझी पोरं तिकडे जात. पोरांना यात फार मजा वाटे. एकदा माझा एक पठ्ठ्या उर्दू शाळेत बसून आला आणि आठवडाभर मला "जी, मॅडम" म्हणत होता.

ही लबाडी होती. मी तिचं समर्थन करत नाही. पण पट कमी दिसला की शाळा बंद होण्याची भीती दोघींच्या डोक्यावर होती, आणि साहेबांना भरलेला वर्ग बघायला आवडतो हे आम्हाला ठाऊक होतं.

या सगळ्या उसनवारीत एका गोष्टीकडे आम्ही दोघींनी कधी नीट पाहिलं नाही. उर्दू शाळेत पाचवी झाली की मुलगे बसने हिवरखेडला जात. मुली घरी राहत. त्यांना कोणी नाही म्हणत नसे, रडारड होत नसे. पाचवी झाली, एवढंच. माझ्या सहावीचा वर्ग त्यांच्या दारापासून वीस पावलांवर होता. मला वाटायचं हा आपांच्या शाळेचा प्रश्न आहे. आपांना वाटायचं मराठी शाळेत आपण कशाला नाक खुपसा. अशी माझी सहा वर्षं गेली.

मग ती मुलगी आली. गाद्या भरणाऱ्याची मुलगी, आपांच्या पाचवीत. वेण्यांत कायम कापसाची पिंज अडकलेली. खिचडी भराभर संपवून ती माझ्या पाचवीच्या व्हरांड्यात खांबाला टेकून उभी राहायची. एकदा घंटा झाली तरी ती तिथेच होती; मी फळ्यावर भागाकार घेत होते, वर्गातला एक मुलगा फळ्यापाशी अडला होता, आणि बाहेरून आवाज आला, "शून्य राहिलं ना तुह्यं वरचं." मी बाहेर जाऊन तिला चांगलं झापलं. दुसऱ्याच्या वर्गात तोंड घालायचं नाही म्हटलं. ती दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "पन शून्य राहिलंच होतं."

संध्याकाळी मी आपांकडे तक्रार घेऊन गेले. आपांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, तिला दुपारनंतर तुमच्या वर्गात बसवा. बोलायला ती तुमच्या पोरांसारखीच बोलते. लिहिणं-वाचणं पक्कं झालं तर सहावीत बसेल. नाही तर हिचीही पाचवी होईल."

घरी जाताना एसटीत माझ्या डोक्यात उजेड पडला. आपांच्या शाळेचा पट आधीच काठावर होता. एक मुलगी मराठीत चमकली तर दुसरे आईबाप म्हणणार, मग पहिलीपासूनच समोर घालू. आपांची शाळा आपांच्याच हाताने रिकामी होणार. दुसऱ्या दिवशी मी हे त्यांना बोलून दाखवलं. त्या खिचडीचे तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मालूम आहे मला. पोरगी पहिले." माझ्या नोकरीत मी पुष्कळ भाषणं ऐकली, काही स्वतःही ठोकली. या शेवटच्या दोन शब्दांपुढे मला ती सगळी फुकट वाटतात.

ती मुलगी जुलैपासून माझ्या वर्गात दुपारी बसू लागली. हजेरीपटावर नाव नाही, बसायला सतरंजीचा शेवटचा कोपरा. दिवाळीपर्यंत ती माझ्या अर्ध्या वर्गाच्या पुढे गेली. मी तिच्या बापाला दोनदा निरोप पाठवला की पुढच्या वर्षाचं काय. दोन्ही वेळा उत्तर आलं, पाहू.

वेचणी ऐन भरात होती तेव्हा विस्तार अधिकारी आले. न कळवता, सकाळीच. माझ्या पाचवीत तेवीसपैकी अकरा पोरं. मी खिडकीतून आपांना हात केला आणि त्यांनी आठ पोरं पाठवली, त्यात ती. साहेबांनी वर्ग मोजला, मान डोलावली, मी सुस्कारा टाकला. पण साहेब नवीन होते, तरुण होते, आणि त्यांना खरंच शिकवणं बघायचं होतं. त्यांनी कपाटातल्या कोऱ्या वह्या काढून पोरांना वाटल्या आणि म्हणाले, "माझं गाव. पाच ओळी लिहा."

अकरा पोरांनी वह्या डावीकडे उघडल्या. आठ पोरांनी उलट्या बाजूने उघडल्या, अगदी शेवटच्या पानावर, सवयीने, आणि हाताने पान साफ करून बसली. उर्दू शाळेत वही तशीच सुरू होते. पाच वर्षांची सवय ती, एका हाकेसरशी आवार ओलांडून आली म्हणून सुटणार थोडीच. मी आणि आपा किती हुशार, पोरांना नावं विचारली तर कोणती सांगायची हे शिकवलं होतं, आणि वही कुठून उघडायची हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

साहेब रांगेतून फिरत होते ते थांबले. त्यांनी एक वही उचलली, उलटसुलट केली, माझ्याकडे बघितलं. मग हजेरीपट मागितला. खोटं बोलायला जीभ वळेना. मी सांगून टाकलं. तेवढ्यात आपा दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, पोरं मी पाठवली. काय लिहायचं ते आमच्यावर लिहा. पण त्यांनी काय लिहिलं तेही वाचा."

साहेबांच्या हातात योगायोगाने तिचीच वही होती. शेवटच्या पानावर, डावीकडून उजवीकडे, स्वच्छ मराठीत तिने लिहिलं होतं:

"माझ्या गावाला नदी आहे. माझ्या गावात दोन शाळा आहेत. माझी शाळा पाचवीपर्यंत आहे. समोरची शाळा सातवीपर्यंत आहे. मी पुढच्या वर्षी घरी राहीन."

साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. शेवटची ओळ वाचताना त्यांचा आवाज खाली आला. पण ते काही विरघळले नाहीत. चहा घेतला नाही, शेरेबुकात जे लिहायचं ते लिहिलं, आणि आठ दिवसांत दोघींना कारणे दाखवा नोटीस आली. आम्ही हापशीजवळच्या ओट्यावर बसून दोन खुलासे लिहिले. माझा आपांनी तपासला आणि त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. शेवटी लेखी ताकीद मिळाली. माझ्या सगळ्या नोकरीत सेवापुस्तकात तेवढी एकच ताकीद आहे, आणि ती योग्य होती असं मी आजही म्हणते.

गावात बातमी अशी फिरली की गादीवाल्याच्या पोरीमुळे दोन मॅडमना नोटीस आली. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. उंच, वाकलेला माणूस, भुवयांवर कापूस. मी आणि आपा ऑफिसातच होतो.

"मॅडम, माह्या पोरीच्या पायी तुमाले नोटीस आली मन्तेत. मी तिले लय बोललो."

"तिले काहून बोलले?" मी म्हटलं. "वर्गात तं तिले मी बसवलं होतं." आणि मी ती वही त्याच्यापुढे ठेवली.

तो याच उर्दू शाळेत पाचवी शिकलेला. मराठी अक्षरं त्याने बसच्या पाट्यांवरून आणि बियाण्याच्या पिशव्यांवरून उचललेली. बोट ठेवून एकेक शब्द वाचत गेला. आम्ही घाई केली नाही. शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली.

"हे इले कोनं सांगतलं?"

"काय?"

"घरी राहीन मनून. मी तं कधी बोललो नाई. इच्या मायनं बी नाई."

आपा म्हणाल्या, "सांगायला काय लागते, भाई? इच्या दोन्ही बहिणी राहिल्या. गल्लीतल्या साऱ्या राहिल्या. पाहते ना थे."

 त्याचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली, कारण त्या मुलीच्या मनात ही ओळ आम्ही तिघांनी मिळून लिहिली होती आणि तिघांपैकी एकानेही तोंडाने उच्चारली नव्हती.

"मंग आता काय करा लागते?" त्याने विचारलं.

"उन्हाळ्यात समोरून दाखला घ्यायचा आन् सहावीत नाव टाकायचं."

"आन् उर्दू?"

"शाळा सुटल्यावर रोज एक घंटा माझ्याजवळ," आपा म्हणाल्या. "त्याची फिकर नका करू."

"तिकडे पोट्ट्यायच्यात एकटी बसन का थे?"

"माह्या डोयासमोर बसन," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि वही मागितली. ती शाळेची होती, तरी मी देऊन टाकली.

हे सगळं मी त्या जर्मन बाईंना सांगत होते आणि मुलगी भाषांतर करत होती. वहीच्या जागी ती अडली, मग तिने टेबलावरची एक वही उचलून उलटी उघडून दाखवली. बाई हसल्या, आणि पाच ओळी ऐकल्यावर हसायच्या थांबल्या. त्या म्हणाल्या की त्यांच्या वर्गातही बाहेरच्या देशांतून आलेल्या कामगारांची मुलं असतात, आणि वरच्या शाळेचं पत्र त्यांच्यातल्या फार थोड्यांच्या हाती पडतं. पत्र त्याच लिहितात. हुशारी असते, पण घरी विचारलं तर आईबाप म्हणतात आमच्यासाठी मधली शाळा पुरे. मग त्यांनी विचारलं, "त्या दुसऱ्या शिक्षिकेच्या शाळेचं काय झालं?"

हा प्रश्न फक्त शिक्षकालाच सुचतो. जे व्हायचं तेच होऊ लागलं होतं. त्या मुलीचं बघून पुढच्या जूनमध्ये दोन घरांनी आपली पहिलीची लेकरं उर्दू शाळेऐवजी माझ्याकडे आणली. त्या दिवशी आपा खिचडीजवळ उभ्या राहिल्या नाहीत. मी त्या दोन्ही बापांना सांगितलं, पहिलीला समोर जा, माझ्याकडे सहावीला या, जागा कुठं पळून जात नाही. आणि मग मी आपांसोबत उर्दू शाळेच्या प्रवेशासाठी घरोघर फिरले. नऊवारीतली मराठी शाळेची मुख्याध्यापिका उर्दू शाळेचा प्रचार करते आहे हे बघायला लोक ओट्यांवर आले. एक म्हातारेबुवा म्हणाले, "बाई, तुमाले तुमची शाळा बंद कराची आहे का?" मी म्हटलं, "दोन्ही चालू ठेवाच्या आहेत, तुमचा नातू कुठं आहे ते सांगा." तो नातू अंगणातल्या बाजेखाली लपला होता. आपांनी त्याला पायाला धरून बाहेर काढला आणि तिथेच त्याचं नाव लिहून घेतलं.

आपांची शाळा अजून उभी आहे. मी निवृत्त झाले, अकोल्याला जठारपेठेत राहते, आणि ती मुलगी तिथेच अकरावीला आहे, विज्ञान घेऊन. रविवारी कधी माझ्याकडे जेवायला येते आणि भाजीत तिखट कमी आहे असं तोंडावर सांगते. हे सांगताना त्या परक्या शाळेत माझा ऊर भरून आला आणि मी तो लपवला नाही. माझ्या नातवाला शेवटी मधल्या शाळेचं पत्र मिळालं. मुलगी दोन दिवस खिन्न होती. मी तिला म्हटलं, पत्र आलंय, दार बंद झालेलं नाही, आणि घरातलं कोणी ते न बोलता बंद करू नका म्हणजे झालं.

एक गोष्ट मात्र मी त्या बाईंना सांगितली नाही. परदेशात बसून आपली बढाई मारताना ती जिभेवर येईना.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गादीवाला मुलीचा दाखला न्यायला आला. मी समोरच्या शाळेतच होते. आपांनी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात एक गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला, वीतभर जाड. मी विचारलं हे काय. आपा म्हणाल्या, पाचवी झालेल्या मुलींचे दाखले. दर वर्षी लिहून ठेवते. घरी बसायला दाखला लागत नाही, म्हणून कोणी नेत नाही. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत किती वेळा चहा प्यायले असेन, तो गठ्ठा माझ्या गुडघ्याशी होता.

आपांनी वरच्या कप्प्यातून धाकटीचा नवा दाखला काढून टेबलावर ठेवला. गादीवाला खाली वाकून गठ्ठ्याच्या कडा बघत होता. एका कागदावर त्याचं बोट थांबलं.

"हा मधलीचा होये का?"

"हो," आपा म्हणाल्या. "दोन वर्षं झाले."

"हा आमी नेला काहून नाई?"

  तो सरळ उभा राहिला आणि बाहेर गेला, धाकटीचा दाखला टेबलावर तसाच सोडून. मला वाटलं, झालं, माणूस दुखावला, गेली ही पोरगीसुद्धा. आपा सुतळीची गाठ सोडत बसल्या होत्या आणि ती त्यांच्याकडून सुटत नव्हती.

अर्ध्या तासाने तो परत आला. धाकटी होती, आणि तिच्या मागे मधली, आईची ओढणी घेतलेली, कोपरापर्यंत कापूस लागलेला, कामावरून उठून आलेली. बाराची होती, पण दारात उभी राहिली तेव्हा माझ्या सहावीतल्या कुठल्याही मुलीपेक्षा हातभर उंच वाटली. तिने डोळे वर केले नाहीत.

"ही बी," तो म्हणाला.

आम्ही पाचही जण आवार ओलांडून माझ्या ऑफिसात आलो. मी सहावीचं रजिस्टर काढलं. मधलीचं नाव आधी लिहिलं, कारण ती मोठी होती.